दोन पुरावे

समर्थने पाय मारून ड्रॉवर बंद केला तेव्हा छायाची दोन बोटं आत होती.

ती ओरडली नाही. ओरडलं की शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवतात, एवढंच होतं. लग्नाच्या सात वर्षांत हे तिला पाठ झालं होतं. श्वास रोखून तिने डाव्या हाताने ड्रॉवर ओढला आणि बोटं बाहेर काढली. मधल्या बोटाचं नख मुळापासून उलटलं होतं.

"तुझा बाप त्याच छापखान्यात होता," समर्थ म्हणाला. "तीस वर्षं. आणि तू तोंड शिवून बसलीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

हे बोलायला नको होतं. त्याने तिचे केस धरले, डोकं कपाटाच्या कडेवर एकदा आपटलं, आणि मोबाइल उचलून गॅलरीत गेला. जाताना त्याने चप्पल मात्र नीट जोडून ठेवली. टापटिपीचा माणूस.

कारण म्हणाल तर एक प्रश्न. नाशिकमधल्या क्विझवेड्यांचा एक ग्रुप होता, डोकेफोड मंडळ. दर रविवारी सकाळी अकराला त्यावर एक कठीण प्रश्न पडायचा आणि संध्याकाळी सहाला उत्तर. त्या रविवारचा प्रश्न असा होता: १९४८ साली एका नव्या देशाने स्वतःचं नाव असलेल्या नोटा चलनात आणल्या, पण त्या छापल्या दुसऱ्याच देशात. कुठे? समर्थने 'लंडन' लिहिलं, वर पंधरा ओळींचं स्पष्टीकरण दिलं. उत्तर निघालं नाशिक रोड. पाकिस्तानच्या त्या पहिल्या नोटा इथल्याच सरकारी छापखान्यात निघाल्या होत्या. अमीर नावाच्या एका पोराने लगेच टाकलं, 'काखेत कळसा अन् गावाला वळसा, सर!' त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. समर्थ स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये सामान्य ज्ञान शिकवायचा, आणि हसणाऱ्यांत त्याचेच विद्यार्थी होते. वड्याचं तेल वांग्यावर निघतं ते असं.

प्रश्न पाठवणारा 'अडकित्ता' या नावाने पाठवायचा. तो कोण, हे ग्रुप चालवणाऱ्या रेहानाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. समर्थने त्यासाठी वेगळी वही घातली होती. पुरुष, साठीच्या पुढचा, बहुधा निवृत्त प्राध्यापक, असे तर्क तीत होते. आणि तो अडकित्ता रोज दोन वेळा त्याच्या ताटात गरम पोळी वाढत होता.

छाया अर्धा दिवस वाचनालयात काम करायची. पुस्तकं लावता लावता तिला प्रश्न सुचायचे. सोपे पाठवले असते तर मार चुकला असता, हे न कळायला ती खुळी नव्हती. दोनदा पाठवूनही पाहिले. ते दोन आठवडे घरात शांतता होती, आणि छायाला स्वतःची इतकी लाज वाटली की तिसऱ्या रविवारी तिने वर्षातला सगळ्यात अवघड प्रश्न घातला. त्या घरात तिच्या मालकीचं एवढं एकच होतं. ते सोडलं तर मग उरलं काय?

पण त्या संध्याकाळी गॅलरीतून येऊन समर्थने वही उघडली आणि नवी ओळ लिहिली. पाणी द्यायला गेलेल्या छायाने ती वाचली: 'छापखान्याशी संबंध?' आता फार दिवस उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती जुन्या नाशकात रेहानाच्या घरी गेली. रेहाना शाळेत विज्ञान शिकवायची. तिने बोटांची पट्टी पाहिली. चहा ठेवला.

"वार्षिक फेरीचा शेवटचा प्रश्न आणलाय, ताई," छाया म्हणाली. "तीन चित्रांचा."

शेवटचा प्रश्न नेहमी अडकित्त्याचाच असे. पडद्यावर एकामागून एक तीन चित्रं यायची आणि त्यांच्यातला संबंध ओळखायचा. पहिल्या चित्रावर ओळखलं तर तीस गुण, दुसऱ्यावर वीस, तिसऱ्यावर दहा. छायाने मोबाइल पुढे केला. कड चेपलेलं कुकरचं झाकण. निळी चिकटपट्टी गुंडाळलेली लॅपटॉपच्या चार्जरची वायर. मुठीच्या जागी सुतळी बांधलेला लाकडी ड्रॉवर.

रेहानाने तिन्ही फोटो दोनदा पाहिले. "संबंध काय?"

"उत्तर बंद पाकिटात देते."

"तसं नाही चालत, छाया. नियम तुलाच जास्त माहितीये. उत्तर मला कळलं पाहिजे, आणि प्रत्येक उत्तराला दोन पुरावे."

नियम खरा होता. पुराव्याशिवाय आलेला एकही प्रश्न रेहाना घेत नसे. दोन पुस्तकांच्या पानांचे फोटो लागायचे. छायाने पर्समधून दवाखान्याचे कागद काढले. डाव्या कानाचा पडदा फाटला आहे, बाथरूममध्ये घसरून पडल्याचं रुग्ण सांगते. मग ती उठली, पाठ फिरवून उभी राहिली आणि कुर्ता कमरेपासून मानेपर्यंत वर घेतला. वायरचे वळ आता काळे पडले होते. काही जुने, काही त्यांच्यावरून आडवे गेलेले.

"हा दुसरा," ती म्हणाली.

चहा उतू गेला. गॅस बंद करायचं भान दोघींनाही राहिलं नाही.

"या अल्ला," रेहाना म्हणाली. आणि गॅस बंद करता करता, "चल, आत्ता चौकीत जाऊ."

"मागच्या वर्षी गेले होते. साहेब म्हणाले, सर फार हुशार आहेत, आमचा भाचा त्यांच्याच क्लासला आहे." छायाने कुर्ता सारखा केला. "ताई, त्याला माराची भीती नाही, पोलिसांची नाही. या माणसांसमोर चुकण्याची आहे. नाव घ्यायचं नाही. उत्तरही सांगायचं नाही. कुणालाच येणार नाही हा प्रश्न. तुम्ही म्हणा, उत्तर राखीव. त्याला फक्त ती चित्रं दिसू देत, एवढ्या लोकांत बसून."

"आणि मग घरी गेल्यावर?"

"घरी नाही जायचं. तिथूनच सायखेड्याची बस पकडणार. आईशी बोललेय."

आई, नवसाबाई, फोनवर एवढंच म्हणाली होती, "लय सोसलं पोरी. ये निघून. घर हाय तुझं."

वार्षिक फेरी रविवारी सकाळी एका शाळेच्या सभागृहात होती. दीडशे माणसं आली. क्लासची मुलं मागच्या बाकांवर दाटीने बसली होती. छाया दुसऱ्या रांगेत, पायाशी पिशवी. मंचावर बझरपुढे बसलेल्या समर्थने इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. तो तिनेच सकाळी डाव्या हाताने इस्त्री केला होता. शेवटच्या प्रश्नापर्यंत अमीरचा संघ पाच गुणांनी पुढे होता.

"अडकित्त्याचा प्रश्न," रेहानाने माईकवर सांगितलं.

पडद्यावर कुकरचं झाकण आलं. सभागृहात कुजबुज झाली. कुणी दाब म्हणालं, कुणी फ्रान्स, कुकर शोधणारा तिथला म्हणून. समर्थ पुढे झुकला, डोळे बारीक केले. कुकरची झाकणं काय घरोघरी असतात.

दुसरं चित्र आलं. अमीरने डोकं खाजवलं. समर्थच्या कपाळावर आठी पडली.

छायाने त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. आता याला कळेल, मग हा पांढरा पडेल, मान खाली घालेल आणि मी उठून जाईन. इतकंच तिने ठरवलं होतं. त्याहून जास्त मागण्याची तिची छातीच नव्हती.

तिसरं चित्र आलं. सुतळीचा ड्रॉवर.

बझर वाजला.

समर्थच्या पुढ्यातला लाल दिवा लागला होता. क्लासच्या मुलांनी टाळ्या पिटल्या. पंधरा वर्षं तो असाच जिंकत आला होता: ओळखीचं दिसलं की आधी बटण दाबायचं, विचार मागाहून. कोणत्या ओळखीवर आपण बटण दाबलं, हे त्याला आत्ता कळत होतं.

"समर्थ सर," रेहाना म्हणाली. "दहा सेकंद."

"हे... हे आमच्या घरातलं आहे."

सगळं सभागृह हसलं. अमीर तर टेबलावर हात आपटून हसला. रेहाना हसली नाही.

"हे अर्धं उत्तर झालं. या तीन वस्तूंचा संबंध काय? सहा सेकंद."

समर्थने दुसऱ्या रांगेत पाहिलं. ती नजर छायाला ठाऊक होती. ड्रॉवरच्या आधी, वायरच्या आधी, ती अशीच यायची. तिचा हात आपोआप कानाकडे गेला. आणि मग तिच्या लक्षात आलं की तो मंचावर आहे, भोवती दीडशे माणसं आहेत, आणि तो उठू शकत नाही.

"तीन. दोन."

"माहीत नाही," समर्थ म्हणाला.

मागच्या बाकांवरचं हसू थांबलं. सरांच्या तोंडून हे दोन शब्द त्यांनी कधी ऐकले नव्हते. अमीरने सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा सरांकडे पाहिलं. आपलं बटण त्याने हलकेच दूर सारलं. "आमचाही पास, मॅडम."

रेहानाने कागद हातात घेतला. ठरल्याप्रमाणे वाचायचं होतं. "तर मग या प्रश्नाचं उत्तर आपण राखीव..."

छाया उभी राहिली. तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"मला येतंय," ती म्हणाली.

रेहानाने कागद खाली ठेवला आणि माईक तिच्याकडे पाठवला. हातोहात तो दुसऱ्या रांगेत आला.

"आधी नाव सांगा," रेहाना म्हणाली, "मग उत्तर."