नाईकाच्या बोकडाची चौकशी

दुसऱ्या महायुद्धात, दिवे झाकून बसायच्या दिवसांत, एका इंग्रज वादकाला खून सुचला. बायकोने लगेच खोल्यांचा नकाशा काढून दिला. असा संसार दुर्मीळच. खेळ असा: कोणी मारलं, कुठे, कशाने, हे तीन पत्ते पाकिटात लपवायचे. उरलेले खेळणाऱ्यांत वाटायचे आणि एकमेकांना विचारत पाकिटातले ओळखायचे. युद्ध संपलं तरी सामान मिळेना, म्हणून खेळ दुकानात यायला काही वर्षं गेली. पुढे अमेरिका झाली, टीव्ही झाला, सिनेमाही झाला. त्याला तर वेगवेगळ्या थिएटरांत वेगवेगळे शेवट. एक खून इतक्या सभ्यपणे इतकी वर्षं पुरवायचा म्हणजे अक्कल लागते.

फुलसावंगीजवळच्या तांड्यात त्या खेळाचं रूपांतर बबिताने केलं. सासूने, रुपीबाईने, घरात मुडदा नको म्हणून बजावलं, तेव्हा खुनाऐवजी तांड्याच्या प्रमुखाचा, नाईकाचा, बोकड चोरीला गेला. मूळ पटावरच्या वाचनालयाच्या जागी कापसाची खोली आली. हत्यारांतला दोर तेवढा इंग्रजांचाच ठेवला.

हा खेळ यवतमाळच्या कॉलेजातल्या प्रदर्शनात मांडायचं बबिताने ठरवलं होतं. पण सासरे भीमसिंग, तांड्याचे खरे नाईक, म्हणाले होते की आधी मी खेळतो, मग जायचं का ते सांगतो.

चौघं बसली. फुलसावंगीच्या विमलताई पाहुण्या, म्हणून सगळे घरची बंजारा बोली सोडून वऱ्हाडीत बोलत होते. विमलताईंनी पहिला प्रश्न विचारला. बबिताने नियम सांगितला की पत्ता विचारणाऱ्यालाच गुपचूप दाखवायचा. भीमसिंगांनी तो सर्वांच्या मधोमध उताणा ठेवला.

"मामाजी, असं नाही. फक्त ताईले दाखवा."

"काहून? साक्ष का एकाच्या कानात देतेत? पंचायतीत सगळ्याइच्या समोर देतेत."

मग सासूनेही पत्ता उघडाच टाकला. विमलताईंनाही ते सोयीचं वाटलं. इंग्रजांनी इतकी वर्षं जपलेलं गुपित चहा उकळायच्या आत संपलं.

थोड्याच वेळात सगळ्यांना सगळं कळलं. कापसाची खोली. दोर. आणि संशयितांपैकी एकच पत्ता कोणाकडे निघेना: नाईक.

रुपीबाई पदर नीट करू लागल्या. विमलताईंना अचानक घरची आठवण झाली. पाळी बबिताची होती. गप्प राहिली तर खेळ तिथेच मेला. बोलली तर यवतमाळ गेलं.

"बोकड नाईकानं चोरला," ती म्हणाली. "कापसाच्या खोलीतून, दोर बांधून."

भीमसिंगांनी स्वतः पाकीट उघडलं. तिन्ही पत्ते बराच वेळ पाहिले, पाकीटही झटकून पाहिलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "ज्या खेळात नाईकालेही सोडत नाही, तो खेळ सरळ हाय. जाय तू."

बबिता पट आवरू लागली, तेव्हा त्यांनी टोपी मागवली. कशाला म्हणून सुनेने विचारलं.

"मीबी येतो. तिथं कोणीतरी लोकायले सांगा लागन ना, का मी बोकड नाही चोरला."