सव्वातीनच्या फोडी

"खाल्लं त्याचं काय न्हाई गं, पर मेलीनं सगळा वरंबा उचकटून ठिवला!" सासूबाई रताळ्याच्या वाफ्यात उकिडव्या बसून अर्धीमुर्धी कुरतडलेली रताळी टोपलीत फेकत होत्या. रात्री पडलेल्या दहिवरानं माती ओली, जड झाली होती. बोटांना चिकटत होती.

शेजारचे तोकुजीकाका माकडं पळवायची फटाक्यांची नळी खांद्याला लावून बांधावर उभे होते. आमच्या कामिसावा गावात माकड दिसलं की बाहेर पडणारा पहिला माणूस तेच.

"आवंदा टोळी डोंगराखाली उतरलीच न्हाई, हिसानोवैनी. ही एकटीच हाय, फाटक्या कानाची. आन् एकटं माकड रोज तुमच्याच परड्याकडं येतंय, म्हंजी कुनीतरी चारतंय तिला."

"चारतंय कोन? रताळ्याची साल बी उघड्यावर टाकायची न्हाई, आसा ठराव झालाय न्हवं गावात?"

"ठराव काय, कागदावर ऱ्हातोय."

मी खाली मान घालून कुदळ मारत राहिले. चारणारी मीच होते.

वसंतात आम्ही शहरातून इथं सासरी राहायला आलो आणि माझ्या कोहारुनं जेवण सोडलं. तीन वर्षांची पोर, घास गालात धरून बसायची. वजन घ्यायला येणारी नर्स काट्याकडे बघायची, मग माझ्याकडे. नवरा आठवडाभर कामाच्या गावी. शेवटी एका दुपारी ती माकडीण मागच्या भिंतीवर येऊन रताळं खात बसली आणि तिच्याकडे बघता बघता कोहारुनं आपणहून तोंड उघडलं. वाडगाभर भात गेला! दुसऱ्या दिवशी मी उकडलेल्या रताळ्याच्या चार फोडी भिंतीवर ठेवल्या. आजच्यापुरत्या, म्हटलं.

मग भीती वाटली. दोन दिवस काही ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी पोर ताटाकडे बघेना, तेव्हा ठेवल्या. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. कॉलेजात बालमानसशास्त्राच्या पेपरात मीच लिहिलं होतं: बक्षीस दर वेळी मिळत असेल आणि थांबलं, तर सवय लवकर सुटते; पण कधी मिळतं, कधी नाही, अशी लागलेली सवय सुटता सुटत नाही. पैकीच्या पैकी मार्क पडले होते त्या उत्तराला. आणि इथं मी नेमकं तेच करत होते, कळत असून.

फोडी नसल्या की माकडीण आधी भिंतीवर बसून राहायची. मग वाफे उकरायला लागली. मग एके दिवशी पलीकडच्या शिगेआजी शिजवलेल्या भाजीचं भांडं घेऊन आमच्याकडे येत होत्या, तर तिनं भांड्यालाच हात घातला. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई दगडावर पडली. मनगट मोडलं.

तोकुजीकाकांनी पिंजरा लावला. चार दिवस रिकामा.

"सफरचंद शिवंना, मका शिवंना. महाराणीला काय लागतं, द्येव जाणे!"

देव नाही, मी जाणत होते. रात्रभर मनात घोळवलेलं वाक्य तोंडाशी आलं आणि तुटलं.

"उकडलेलं रताळं. चार फोडी, सालीसकट. सव्वातीनला."

काकांनी नळी खाली टेकवली. सासूबाई मुळे निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.

"किती दिस?"

"पाच आठवडे, आई. कोहारु जेवत नव्हती म्हणून..."

"आन् मी रोज त्या मुक्या जिवाला शिव्या घालत हुते," एवढंच त्या बोलल्या.

फोडी मीच पिंजऱ्यात ठेवल्या. फटाक्यांना दचकणारी ती माकडीण मला बाजूला उभी बघून जराही बिचकली नाही. सरळ आत गेली. दार पडलं तेव्हाही तिनं आधी हातातली फोड संपवली, मग माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी गावाच्या कचेरीची गाडी पिंजरा घेऊन गेली. कुठं, ते कुणी विचारलं नाही; धरलेलं माकड जिवंत सोडत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई कपडे बदलून उभ्या. "चल, घरोघरी माफी मागायची. पोरीला बी घे. खाऊच्या पेट्या आनल्यात."

अकरा घरं. दर उंबऱ्याशी त्या माझ्याहून खाली वाकायच्या. "आमच्या घरातनं चूक झाली," म्हणायच्या. 'सुनेनं केलं' असं एकदाही नाही. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शिगेआजींचा हात प्लास्टरमध्ये होता. आमचं बघून कोहारुही वाकली, कपाळ गुडघ्याला लागेस्तोवर.

"आगं बया! एवढीशी पोर आन् कशी वाकली बघा तरी!" आजींनी डाव्या हातानं डबा उघडून साखरेची गोळी तिच्या तोंडात घातली.

पुढच्या घरी आम्ही वाकायच्या आधीच कोहारु वाकली. तिथं लाडाचा गालगुच्चा मिळाला, खाऊ नाही. त्याच्या पुढच्या घरी गोळी. पुढच्या दोन घरी काहीच नाही. तरी ती प्रत्येक दारात आधीपेक्षा खाली वाकत होती.

शेवटचं घर तोकुजीकाकांचं. सासूबाईंनी पेटी पुढं केली. मी वाकले. कोहारु वाकली, उठली आणि तळहात उघडून काकांसमोर धरला.

काकांनी खिसे चाचपले. एक गोळी निघाली. ती त्यांनी बोटांत धरली, पण हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले.

"देऊ का गं, चिआकी?"

पोरीनं सकाळपासून भाताचं शीत तोंडात घेतलं नव्हतं. मी हो म्हणाले.