मैनाबाईचा पाय

“मेरा हाथ धकेलिए, काका. पूरी ताकत से.”

बालाघाटच्या दवाखान्यात महागूने उजवा कोपर सरळ करण्याचा प्रयत्न केला. डॉक्टर नूतन यांचा किडकिडीत हात जागचा हलला नाही. लांजीच्या राइस मिलमध्ये तीस वर्षे धानाची पोती मानेवर घेणारा तो माणूस. त्याचा हात भिजलेल्या दोरासारखा ढिला पडला. दाराशी उभ्या असलेल्या मैनाबाईने नजर फरशीकडे वळवली. तिथे तिचेच अनवाणी पाऊल होते. तिने ते लुगड्याच्या काठाखाली ओढून घेतले.

मैनाबाई पायाळू होती. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले, आणि गावाने तिच्या डाव्या पायाला गुण बहाल केला. कुणाची कंबर धरली, कुणाची मान लचकली, की माणसे रविवारी उजाडताच तिच्या ओसरीवर पालथी पडत. ती टाच ठेवी, हलका झटका देई. चाळीस वर्षांत या पायाबद्दल कुणी शंका घेतली नव्हती, तिनेही नाही.

महागू तिच्या दिवंगत नवऱ्याचा चुलत भाऊ. मान दुखते, हाताला मुंग्या येतात, म्हणून तो तीन रविवार आला. तिसऱ्या रविवारी म्हणाला, “वैनी, जरा जोरानं द्या.” तिने दिला. मान कटकन वाजली. तो हसला, “मोकळी झाली.” दोन दिवसांनी त्याच्या हातातून पाण्याचा गडू निसटला.

तेव्हापासून तो आवाज तिच्या आत वस्तीला आला होता. चुलीत काटकी मोडली तरी ती दचकत असे.

डॉक्टरांनी रबरी हातोडीने कोपरामागे टकटक केले. डावा हात उडाला, उजवा मुका राहिला. मग त्यांनी महागूचे डोके हळूच उजवीकडे कलवून वरून दाबले, तशी एक कळ खांद्यापासून मधल्या बोटापर्यंत सळसळत गेली आणि त्याचे डोळे पाण्याने भरले. गोंदियात काढलेली एमआरआयची फिल्म त्यांनी उजेडावर धरली. काळ्या पाण्यात बुडालेल्या पायऱ्यांसारखे मणके दिसत होते.

“ये गद्दी सरकी है. नस इसी के नीचे दबी है.” त्या वळल्या. “गर्दन को किसी ने झटका दिया था? नाई ने, किसी ने?”

“नाही, डॉक्टरीनबाई,” महागू घाईने म्हणाला. “पोतं उचलतानीच गेली.”

मैनाबाईला गप्प राहणे सोपे होते. तो स्वतःच त्या प्रश्नाचे दार लावून देत होता.

“मी देल्ला,” ती म्हणाली. “पायानं. मी पायाळू हाव. त्याइचा हात माह्यानं गेला का, तेवढं सांगा.”

तिने डॉक्टरांच्या रागावण्याची वाट पाहिली. राग आला असता तर बरे झाले असते.

“अम्मा, झटके से बढ़ा होगा,” डॉक्टर सावकाश म्हणाल्या. “बोरों से भी घिसा है. किसका कितना, ये फोटो नहीं बताता.”

मग त्यांनी गोळ्या लिहिल्या. काही दिवस मानेला पट्टा, व्यायाम शिकायला फिजिओथेरपी, ओझे बंद. सहा आठवडे पाहायचे. ताकद आणखी घटली, चालताना तोल गेला किंवा लघवी अडली, तर एक दिवसही न थांबता नागपूर. “हात वापस येईन का?” या मैनाबाईच्या प्रश्नाला त्यांनी “अक्सर लौटता है” एवढेच उत्तर दिले. त्या ‘अक्सर’मध्ये मैनाबाई लांजीपर्यंत अडकून राहिली.

बसमध्ये महागू म्हणाला, “काहून सांगतलं? मी झाकलं होतं ना.”

“खोट्यावर दवा कशी लागंन, भाऊजी?”

“हे पाहा आता. बैलाले बांधते तसा पट्टा.”

“बैल बरा. आयकते तरी.”

तो हसला, पण मान वळवून तिच्याकडे पाहू शकला नाही. तिला त्याचा चेहरा दिसला नाही, आणि ती पुन्हा भ्याली.

रविवारी उजाडताना ती उठली, तेव्हा ओसरीवर महागू पट्टा बांधून बसला होता. मान धरली म्हणून परसवाड्याहून मोटारसायकलीवर आलेल्या खेमराजला तो सांगत होता, “वैनीचा पाय मुरगळला. आज काई जमत नाही.”

मैनाबाई बाहेर आली. “पाय धड हाय माहा. लावत नाही मी आता. हाताले मुंग्या येते का तुह्या?”

“हौ. बोटाइपावतर.”

“मंग बालाघाटले जा. मानंले कोणाले हात लावू देऊ नको.”

“पायाळूच दवाखान्यात धाडते म्हणल्यावर झालंच,” खेमराजने गाडीला किक मारली. “एवढ्या दूर उगाच आलो.”

गाडीचा आवाज रस्त्यावर विरला. मैनाबाईने चहा आणला. महागूने कप उजव्या हाताने उचलला. कप थरथरला, चहा बशीत सांडला, मग बोटांवर. आधार द्यायला तिचा हात निघाला होता. तो तिने मांडीवर परत ठेवला. महागू कप ओठांपर्यंत नेत होता, आणि ती तेवढा वेळ तिथेच बसून राहिली.