तापीबाईच्या पडवीतला कुकर

मी कुकर बोलतोय. शिट्ट्या मारून सारी गल्ली गोळा करतो तो नव्हे. तो माझा धाकटा भाऊ, हल्लीच शहरातून आलाय आणि त्याला फार घाई असते. मी पितळेचा, उभट, निखाऱ्यांवर शिजवणारा जुना कुकर. सकाळी माझ्यात डाळ लावली की दुपार कलताना ती शिजते. लोक मला आळशी म्हणतात. मी आळशी नाही, सावकाश आहे. हा फरक ओळखणारी एक तरी बाई घरात असावी लागते, आणि ती मला मिळाली.

माझा जन्म नाशिकच्या तांबट आळीतला. तिथे मी एवढे ठोके खाल्ले की पुढे कोणी काही बोललं तरी मनाला लावून घ्यायचं नाही, हे मी तिथेच शिकलो. माझी घडण सोपी आहे. तळाशी भोकाभोकांचं एक तबक आहे, तेच माझं पोट. त्यात निखारे भरायचे. वरच्या भांड्यात पाणी ओतायचं आणि त्यात एकावर एक रचलेले माझे चार डबे सोडायचे. झाकण लावलं की तुमचं काम संपलं. पुढचं मी आणि वाफ बघून घेतो.

मला विकत घेतलं चुनीलालमामांनी. ते नंदुरबार स्टेशनात तिकिटं देत. एकट्याच्या संसारात असाच एक कुकर त्यांनी बरीच वर्षं वापरला होता, त्याच्यावर त्यांचा भारी जीव. म्हणून भाची प्रमिला हिचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी आंदणात मला दिलं. पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. प्रमिला सासरी आली ती प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीकाठच्या खेड्यात. घरचा कापूस, थोडी केळी, दोन बैलजोड्या, नवरा भटू आणि सासू तापीबाई.

तापीबाईंनी मला पहिल्याच दिवशी बोटांनी चाचपून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरू लागला होता. झाकण उघडलं, डबे वाजवले आणि म्हणाल्या, "चूल नही, धूर नही, जोडे कोनी बठेल नही. मंग शिजाडस कोन, भूत?"

जवळ कोणी बसायचं नाही तर हे शिजवणार कोण, या प्रश्नावर बायका हसल्या. मीही मनातल्या मनात हसलो, पण माझी रवानगी फडताळावर झाली. माझ्या डब्यांत पापड गेले, कुरडया गेल्या, एकात सुतळीचं बंडल जाऊन बसलं. शिजवण्यासाठी जन्मलेल्याने सुतळी सांभाळावी, यासारखं दुःख नाही. पण तक्रार कुणाकडे करणार? वाफेशिवाय मला आवाजच नाही.

तापीबाई म्हणजे चुलीच्या राणी. त्यांच्या हातचे शेंगोळे साऱ्या गावात नावाजलेले. कुळथाचं पीठ, थोडं ज्वारीचं, भरपूर लसूण आणि लाल मिरची घालून घट्ट मळायचं, तेलाचं बोट लावून पाटावर लांबट वळ्या वळायच्या आणि उकळत्या रश्शात सोडायच्या. थंडीत शेतावरून गारठून आलेल्या माणसाला असा वाडगा मिळाला की तो दुसरं काही मागत नाही. आणि त्यांची दुसरी कीर्ती विस्तवाची. त्या काळी आमच्या गावात काड्यापेटी जपून वापरत. चूल पेटवायची तर शेजारणीकडून खापरीवर दोन निखारे आणायचे. तापीबाईंच्या दारातून विस्तव मागायला आलेली बाई कधी रिकामी गेली नव्हती, आणि ते त्या अभिमानाने सांगत.

मग एका हिवाळ्यात नंदुरबारला डोळ्यांचं शिबिर भरलं आणि भटूने आईला बैलगाडीत घालून नेलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून तापीबाई परत आल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, पट्टी सुटेपर्यंत धुराजवळ जायचं नाही, धूर लागला तर हा डोळा गेलाच समजा. दुसरा डोळा तर आधीच नावापुरता उरला होता.

आणि नेमकी कापूसवेचणी सुरू झाली. भटू, प्रमिला, दोघंही उजाडताच शेतात. घरी तापीबाई एकट्या. अशी बाई चुलीपासून लांब राहील का? प्रमिलेला धास्ती वाटली. तिने मला फडताळावरून काढलं, सुतळी बाहेर फेकली, चिंचेने घासून लख्ख केलं आणि सासूला सांगितलं की आता दुपारचं जेवण हा करील, तुम्ही पडवीत नुसतं बसायचं.

तापीबाईंना हे कसं रुचावं? ज्या चुलीवर उभा जन्म काढला ती एका पितळी डब्याच्या स्वाधीन करायची? शेवटी त्यांनी अट घातली. "तुन्हा कुकरमा मन्हा शेंगोया शिजनात ते मी चूलकडे दखनार नही. नही शिजनात ते मी आनि मन्ही चूल."

प्रमिलेने मान डोलावली. मी छाती फुगवली. माझ्या छातीला फुगायला जागा नाही, पण तुम्ही समजून घ्या.

शेंगोळे मंद वाफेवर रश्शातच टाकले तर विरघळून त्यांचं पिठलं होईल, हे प्रमिलेने आधीच ओळखलं होतं. म्हणून तिने पहाटेच्या चुलीवर लसणाची चरचरीत फोडणी देऊन रस्सा माझ्या तळच्या डब्यात भरला. वरच्या डब्याला तेलाचा हात लावून त्यात वळलेले शेंगोळे ठेवले. ते आधी नुसत्या वाफेवर घट्ट व्हायचे आणि मग रश्शात जायचे. त्याच्यावरच्या डब्यात भात. सगळ्यात वरचा डबा रिकामा. पोटात चुलीतले निखारे, त्यांवर तळोद्याकडून आलेला लाकडी कोळसा. मला पडवीच्या कोपऱ्यात ठेवून, चूल पाण्याने विझवून ती शेताकडे गेली.

माझं पाणी छान गुणगुणू लागलं होतं. एवढ्यात शेजारची कालीबाई दारात आली. ती दुसऱ्यांच्या गोठ्यांतलं शेण काढून मग घरी यायची, त्यामुळे तिची चूल उशिरा पेटे. वेचणीच्या दिवसांत त्या वेळी साऱ्या गल्लीत एकही चूल जिवंत नसे.

"तापीबाई व, इस्तव शे का?"

"शे ना माय. त्या कुकरना पोटमा दख, काढी ले."

मी सुन्न झालो. कालीबाईने तबक ओढलं, चांगले टपोरे निखारे खापरीवर घेतले आणि उरलेल्यांवर मोठ्या मायेने राख पसरून तबक आत सारलं. तिच्या मागून आणखी एक जण आली. तिलाही तापीबाईंनी माझ्या पोटाकडेच बोट दाखवलं. दोष कुणाला द्यायचा? त्यांच्या हिशेबाने भांडं एकदा चुलीवर चढलं, खदखदलं, की खालचा विस्तव शेजाऱ्यांचा. माझं शिजणं दुपारपर्यंत चालतं हे त्यांना कोणी समजावलंच नव्हतं. पट्टीमुळे दिसत नव्हतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

प्रमिला परतली तेव्हा मी गार पडलो होतो. भात ओला, शेंगोळे कच्चे. तापीबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मला अजून आठवतं. प्रमिलेला वाटलं, कोळसा कमी पडला. दुसऱ्या वेळी तिने दाबून भरला. निखारे जास्त, म्हणून त्या दिवशी मागणाऱ्याही जास्त आल्या. जेवण पुन्हा कच्चंच. भटू वैतागून म्हणाला, प्रकाशाच्या बाजारात हा देऊन बदल्यात एखादी घागर आणू. मला मोडीत काढायची भाषा घरात सुरू झाली.

तापीबाईंनी निकाल दिला. "आते एकदाव लाव. मंग मी चूलजोडे बठसू. एक डोया गया ते दुसरा शे ना."

दुसऱ्या डोळ्याने त्यांना स्वतःचा हातसुद्धा धड दिसत नव्हता. मला भरताना प्रमिलेचे डोळे पाणावले होते आणि झाकणावर हात ठेवून ती क्षणभर तशीच उभी राहिली. मला तेव्हा खरंच वाटलं, माझ्या पोटातला विस्तव जाऊ दे, पण मला एकदा तोंड फुटू दे.

तोंड काही फुटलं नाही. पण त्या दिवशी कापूस वेचायला कमरेला बांधायचं फडकं प्रमिला घरीच विसरली आणि अर्ध्या वाटेतून परत आली. अंगणात पाऊल टाकलं तर समोर कालीबाई उकिडवी बसलेली, माझं तबक ओढलेलं, आणि पडवीत हिरवी पट्टी बांधून बसलेल्या तापीबाई एखाद्या पाटलिणीच्या थाटात सांगताहेत की मोठे मोठे घे, संकोच करू नको.

प्रमिला जागच्या जागी थिजली. मी म्हटलं, आता भांडण होणार. दुसरी कोणी असती तर कालीबाईच्या हातातली खापरी हिसकावली असती. पण विस्तवाला नाही म्हणायचं म्हणजे सासूचा जन्मभराचा शब्द तिच्याच दारात मोडायचा, हे त्या पोरीला कळत होतं. ती पुढे आली, कालीबाईजवळ बसली आणि हळूच विचारलं, आज काय शिजवणार? कालीबाई म्हणाली, तुरीची डाळ.

"मंग इस्तव लई जाईसन काय करशी? तुन्ही दाय आठेच आन. एक डबा रिकामा शे, सोबत शिजी जाई."

कालीबाईला हे पटायला थोडा वेळ लागला. मग तिने निखारे परत माझ्या पोटात टाकले आणि डाळ आणायला गेली. तापीबाईंचं डोकं चालू होतं, ते त्यांच्या बोटांवरून कळत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हंजे त्याले उपाशी मीच मारं."

आणि मग त्या हसायला लागल्या. प्रमिलाही हसली, आणि भीतीने म्हणाली की आत्या, हसू नका, डोळ्याला ताण पडेल. पण हसू आवरतंय कुठे? त्या दिवशी पहाटे वळलेले शेंगोळे त्यांनी डब्यातून काढायला लावले. वळ्या जाड झाल्या आहेत म्हणाल्या, आणि पुढ्यात पाट घेऊन पुन्हा वळायला बसल्या. शेंगोळे वळायला डोळे लागत नाहीत. त्यांची बोटं अशी चालत होती की मी बघतच राहिलो. प्रमिला त्या दिवशी शेतात उशिरा पोचली.

त्या दुपारी मी जिवाचं रान केलं. प्रमिलेने सांगितलं होतं तसं तापीबाईंनी कुणालाच तबकाला हात लावू दिला नाही. मागायला येणारीला त्या डबा आणायला सांगत. माझ्या आत जागा उरली नव्हती, म्हणून बायकांनी आणलेले डबे-वाडगे झाकणावर चढले. भटू आणि प्रमिला घरी आली तेव्हा मी लसणाच्या वासाने पडवी भरून टाकली होती. वाफवलेले शेंगोळे रश्शात पडले, मुरले. तापीबाईंनी एक बोटांत धरून दाबून पाहिला, तोंडात टाकला.

"शिजनात," त्या म्हणाल्या. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं बक्षीस.

पट्टी सुटेपर्यंत त्या चुलीच्या वाऱ्याला गेल्या नाहीत. ज्या दिवशी पट्टी सुटली, त्या दिवशी त्यांनी सून बघितली, मुलगा बघितला, दारातले बैल बघितले, आणि मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "हाऊ ते काया शे. याले चिंच लाव व." इतके दिवस राबलो त्याचं हे कौतुक. पण मला राग आला नाही. त्यांना माझा काळेपणा दिसला, यातच सगळं आलं.

पुढे बरीच वर्षं मी पडवीत राहिलो. वेचणी आली की माझ्यात चार घरांचं जेवण शिजायचं, आणि ते न्यायला आलेल्या बायका पडवीत गप्पांना बसायच्या. मग घरात वातीचा स्टोव्ह आला, काड्यापेट्या घरोघर झाल्या, आणि परवा तो शिट्टीवाला आला. आता विस्तव मागायला कोणी येत नाही. माझा एक डबा कालीबाईकडे गेला तो परत आला नाही आणि कोणी मागितलाही नाही. मी पुन्हा फडताळावर आहे. सुतळी आहेच.

इथून मला पडवी दिसते. तापीबाई आता पुष्कळ म्हाताऱ्या झाल्यात. पण प्रमिला गोधडी शिवायला बसली की सुईत दोरा ओवायचं काम त्यांचं. त्या सुई उजेडाकडे धरतात, तो एक डोळा बारीक करतात, आणि दोरा पहिल्याच खेपेला आत जातो. दर वेळी माझा ऊर भरून येतो.

माझं एवढंच मागणं आहे. एखाद्या थंडीत मला खाली काढा, चिंच लावून घासा, पोटात निखारे भरा आणि खुशाल शेतावर जा. घाई करू नका, मधे झाकण उघडून बघू नका. आणि दारात कोणी विस्तव मागायला आलंच, तर तिला नाही म्हणू नका. तिला म्हणावं, डबा घेऊन ये.