चढावरचा धूर

अयोध्या रोज सकाळच्या एसटीनं लोह्याहून नांदेडला यायची आणि दिवसभर ट्रकांचा धूर बघायची. कामच तसं होतं. नांदेड-लातूर रस्त्यावर लोह्याच्या पुढं चढ लागतो, तिथं खांबावर कॅमेरा बसवलेला. त्यानं टिपलेली डिझेल गाड्यांची चित्रं वर्कशॉप कॉर्नरजवळच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात यायची. सहा बाया कॉम्प्युटरपुढं बसून एकेका चित्रावर माऊसनं चौकोन काढायच्या. हा धूर, ही धूळ. धूर असला तर किती काळा. ड्रायव्हरचं तोंड दिसलं तर त्यावरही चौकोन काढायचा, म्हणजे ते पुसट व्हायचं. अशी लाखभर चित्रं बघून मशीन शिकेल आणि पुढं कोणती गाडी जास्त धूर सोडते ते आपलं आपण सांगेल, असं मृत्युंजय सरांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं.

तिचा नवरा व्यंकट ट्रकच चालवायचा. त्याला जाऊन सहा महिने झाले होते. देगलूरला माल उतरवायच्या रांगेत, केबिनमध्ये बसल्या जागी छातीत कळ आली, एवढंच. तेव्हापासून अयोध्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. जेवायची, पण भाजी कशाची होती ते विचारलं तर सांगता आलं नसतं. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, एकदा रडून मोकळी हो. ती रडायला बसायची आणि नुसती बसूनच राहायची.

त्या दिवशी दुपारी एक चित्र आलं. केशरी केबिनचा ट्रक, दारावर पिवळ्या अक्षरांत ‘पंचफुला’. ते तिच्या सासूचं नाव. खिडकीतून कोपर बाहेर काढून व्यंकट बसला होता. कोपऱ्यात तारीख होती नऊ जानेवारी, दुपारचे चार वाजून बारा मिनिटं.

अयोध्यानं त्या दिवशी आपण काय करत होतो ते आठवून पाहिलं. काही आठवलं नाही. मग तिनं मागच्या ढगाभोवती चौकोन काढला आणि लिहिलं, ‘धूर, खूप काळा’. नंतर व्यंकटच्या तोंडावर चौकोन काढला. पुढचं चित्र सिमेंटच्या गाडीचं होतं.

तासाभरानं मृत्युंजय सर तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. वयानं तिच्याहून लहानच होते, पण सगळ्या बायांना अहोजाहो करायचे.

“अयोध्याताई, या एका चित्रावर मशीनचं आणि तुमचं जुळत नाही. मशीन म्हणतंय धूळ.”

स्क्रीनवर पुन्हा तोच ट्रक होता. तोंडाच्या जागी आता करडा ठिपका.

“धूर हाय, सर. धूळ टायरापासून उठती. हे वरून, नळकांड्यातून निघालंय. चढावर लोड असला की असंच होतं.”

“नक्की ना? कारण मशीन तुमच्यावरूनच शिकणार.”

“नक्की. डिझेलचा पंप खराब होता. मेस्त्रीला दाखवतो, दाखवतो म्हणत राहिले, दाखवलाच न्हाई.” मग ती म्हणाली, “माझ्या मालकाची गाडी हाय. तेच बसलेत.”

शेजारच्या अंजूचा माऊस थांबला.

“हे बाकीचं मी दुसऱ्या कुणाला देतो,” सर हळूच म्हणाले. “तुम्ही घरी जा आज.”

“कशाला? एसटी साडेपाचची हाय.”

तिनं ‘धूर’वर पुन्हा बटण दाबलं आणि मशीननं ते मान्य केलं.

घरी पंचफुलाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. अयोध्यानं चप्पल काढता काढता, बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

“आत्याबाई, आज हे दिसले. कॅमेऱ्यात. जानेवारीतले.”

म्हातारीचे हात थांबले. “कसा व्हता गं?”

“बसले होते. कोपर बाहेर काढून.”

“सदरा कोणता व्हता?”

धूर किती काळा, कुठून निघाला, कुठवर पसरला, सगळं अयोध्याला सांगता आलं असतं. सदरा तिनं बघितलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताच ती सरांच्या टेबलाशी गेली. “सर, कालचं ते चित्र पुन्हा बघायचंय.”

“ताई, तोंड आता पुसलं गेलंय. नियमानं मूळ चित्र ठेवत नाहीत. परत येत नाही ते.”

“तोंड नको मला.”

सरांनी काही न विचारता चित्र काढून दिलं. ती वाकून बराच वेळ बघत राहिली. मग जिन्यात जाऊन तिनं घरी फोन लावला.

“आत्याबाई, निळा. बारीक रेघांचा. बाही दोन घड्या वर केलेली.”

“आरतीच्या लग्नातला,” म्हातारी म्हणाली. आरती म्हणजे व्यंकटची बहीण. “मीच घेतला व्हता, लातूरला.” आणि मग, “डबा नेलास का तू?”

“न्हाई. विसरले.”

“मंग खा कायतरी खालून घेऊन.”

“हाव,” अयोध्या म्हणाली आणि खाली जाऊन तिनं एक वडापाव घेतला. पहिल्याच घासाला तो तिखट लागला.