शब्द एक, खडे अनेक

मी खडा बोलतोय. अंगठीतला नव्हे, काटेवाडीच्या केशवच्या उजव्या मूत्रपिंडातला. तुमच्याशी गोड बोलावं असं मला मुळीच वाटत नाही.

केशव दुधाचा टँकर चालवायचा. वाटेत थांबावं लागू नये म्हणून पाणीच प्यायचा नाही. त्या कोरडेपणात मी कणाकणानं वाढलो, अंगभर काटे घेऊन. पहिल्यांदा हललो तेव्हा त्यानं कळवळून स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मला बरं वाटलं.

बारामतीचे डॉक्टर म्हणाले, "खडा आहे. काढून टाकू."

त्याची आई, द्वारकाबाई, ज्योतिष्याकडं गेली. त्यानंही खडाच सांगितला; पण पिवळा, बोटात घालायचा.

घरात भांडण पेटलं. केशवची बायको पद्मा सासूवर ओरडली, "आत्याबाई, पोटातला खडा बोटातल्या खड्यानं निघतो व्हय?"

"तू गप! माझ्या पोराचं पोट फाडायचं न्हाय."

केशव-पद्माची लेक आसावरी पुण्यात भूगर्भशास्त्र शिकते. ती म्हणाली, "आजी, पप्पांच्या पोटात हाय तसलाच स्फटिक कोळशाच्या थरातबी सापडतो. तितं त्याला आमी खनिज म्हणतो, हितं तो रोग हाय. बोटातला खडा तर येगळाच दगड; शब्द एक असला म्हणून इलाज एक होत न्हाय."

केशवनं आईचं ऐकलं. अंगठी घातली आणि थोड्याच दिवसांत दुखणं थांबलं. द्वारकाबाईनं गल्लीत पेढे वाटले. खरं तर मी मूत्रपिंडातून खाली उतरणाऱ्या नळीत घट्ट रुतून बसलो होतो आणि मागं मूत्रपिंड फुगून मरत चाललं होतं. मेलेलं दुखत नाही. मला हे ठाऊक होतं. सांगायची इच्छा नव्हती.

मग एके दुपारी त्याला थंडी वाजून ताप भरला. डॉक्टरांनी मूत्रपिंडासकट मला बाहेर काढलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात द्वारकाबाईनं लेकाची अंगठी भिरकावून दिली. पद्मा थंडपणे म्हणाली, "त्या खड्याला कशाला फेकता? तो कुठं काय बोलला हुता?"

म्हातारी मटकन खाली बसली. तिला उठवायला पद्मा पुढं झाली नाही.

आसावरीनं मला कॉलेजात नेलं. कापून, घासून माझी पातळ चकती केली. सूक्ष्मदर्शकातून बघणारी मुलं म्हणतात, "काय सुंदर रंग आहेत!" एकानंही केशवची चौकशी केली नाही.

तो आता एका मूत्रपिंडावर जगतोय. सासू-सून एकाच चुलीवरचं खातात, पण एकमेकींशी बोलत नाहीत. त्याचं मला दुःख नाही. हात जोडून विनवणीही माझ्याकडून होणार नाही. दुखलं तर वेळेत डॉक्टरकडं जा. नाही गेलात, तर आमची जात तुमच्यातही घर करायला तयारच आहे.