क्रोंगचा जावई

"आला रे आला, क्रोंगचा जावई आला!" चुलीपाशी म्योर हसली आणि तिच्या नवऱ्याच्या, प्लांगच्या, घशात भाताचा घास अडकला.

जावई म्हणजे रानबैल. मोंडुलकिरीच्या रानात असे आता बोटांवर मोजण्याइतकेच उरलेले. हा रोज तिन्हीसांजेला रानातून उतरायचा आणि पांढरे मोजे घातल्यासारखे पाय टाकत थेट शेजारच्या क्रोंगच्या गाईकडे जायचा. तिला त्याच्यापासून झालेली वासरं कशी तांबडीलाल, दांडगी! प्लांगच्या गाईकडे मात्र तो ढुंकूनही बघत नसे.

"तुझ्या गाईला जरा नटव की, दादा!" दारूच्या रांजणाभोवती सगळे बसले की चुलतभाऊ क्रोंग डिवचायचा. प्लांग वेताच्या नळीने दारू ओढत हसायचा, पण आतून त्याचा नुसता जळफळाट व्हायचा. मेलं सगळं ह्याच्याच पदरात कसं पडतं?

त्या उन्हाळ्यात त्याने डाव टाकला. वाळलं गवत जाळलं की कोवळी पाती फुटतात आणि रानातली जनावरं चरायला येतात. पण पाड्याची रीत अशी, की सगळ्यांनी मिळून, वनदेवाला कोंबडं देऊन जाळायचं आणि रस्त्याकडचा पट्टा जनावरांना आडोसा म्हणून राखायचा. प्लांगने कुणाला विचारलं नाही. आपल्या कुंपणापासून रानापर्यंत सगळंच पेटवून दिलं.

"अवो, आडोसा कुठं ठेवलात?" म्योर घाबरली.

"गप गं. त्याला माझं दार सरळ दिसू दे."

दिसलं. बैल क्रोंगचं घर टाकून प्लांगच्या गाईपाशी येऊ लागला. प्लांगने मुद्दाम हाक मारली, "जावयानं घर बदललं रे!" क्रोंगचा उतरलेला चेहरा बघून त्याचा जीव थंड झाला.

मग एका पहाटे रस्त्यावरून बंदूक वाजली. काळ्या, मोकळ्या रानात बैल आडवा पडला होता. परके शिकारी शिंगं कापून मोटरसायकलवरून पसार झाले होते.

क्रोंगने बैलावर पाला टाकला. "रस्त्यावरून सगळं दिसतं रे इथलं, दादा," एवढंच म्हणाला.

पावसाळा सरून थंडी पडली, तेव्हा प्लांगची गाय व्याली. तांबडं वासरू, चारी पाय पांढरे. क्रोंग दारूचा रांजण घेऊन आला. "सगळ्यांत देखणं तुझंच झालं, दादा." टोमणा असता तर प्लांगला सोसला असता. पण क्रोंग मनापासून बोलत होता.

तिन्हीसांजेला क्रोंगची गाय कुंपणाशी येऊन रानाकडे तोंड करून हंबरू लागली. प्लांग उठला आणि त्याने मधलं कुंपण उपसून काढलं. दोन्ही गाई शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. म्योर चुलीपाशी होती. तिने सवयीने रानाकडे पाहिलं, मग चुलीत लाकूड सारलं.